पहिली आरोळी

झुडपं हलली, कुत्र्यांनी एकच कल्लोळ केला, आणि दोन बंदुका अशा काही एकदम कडाडल्या की लांबच्या माणसाला एकच बार ऐकू आला असता. धूर विरायच्या आत कप्तानांनी छाती भरून आरोळी ठोकली, "माझं!"

झालं. विषय संपला. शिकारमंडळात एवढा एकच कायदा होता जो सगळे पाळायचे. पूर्वी म्हणे गोळी कुणाची लागली यावरून जनावरापेक्षा माणसंच जास्त रक्तबंबाळ व्हायची. रांगेत दहाबारा बंदुका, समोर दाट झाडी, आणि जो तो शपथेवर सांगणार की माझ्याच गोळीनं पडलं. शेवटी कंटाळून ठरवण्यात आलं की जनावर पडल्यावर ज्याची आरोळी पहिली, जनावर त्याचं. मग हरकत नाही, कुरकुर नाही, घरी जाऊन बायकोपाशी रडगाणं गायलं तर तेवढं चालेल. आता कप्तानांचा नेम कसा आहे याबद्दल मंडळात दोन मतं होती, पण त्यांच्या गळ्याबद्दल एकच होतं.

आणि डुक्कर तरी केवढं! तीन वर्षं आसपासची सगळी शेतं नांगरल्यासारखी उलथून टाकणारा तो सुळेवाला नर, ज्याच्यासाठी सरकारनं खास परवानगी दिली होती, तो झुडपाच्या कडेला चारी पाय पसरून पडला होता. लोक धावले. कुणी टोपी उडवली, कुणी कप्तानांना खांद्यावर घ्यायला गेला आणि त्यांचं वजन लक्षात आल्यावर नुसतीच मिठी मारून थांबला. कप्तानांना आभाळ ठेंगणं झालं.

त्या सगळ्या गोंधळात एक माणूस तेवढा नाचत नव्हता, तो म्हणजे त्यांचा जावई. तो कप्तानांच्या उजव्या हाताला उभा होता आणि दुसरी गोळी त्याची होती. त्यानं बंदूक उघडून रिकामी केली, खाली ठेवली आणि मान वळवून डावीकडच्या झाडीकडे पाहिलं. तिथून एक कुत्रं वेगळंच रडत होतं. मग माणसाचा आवाज आला, अगदी साधा, हाक मारावी तसा.

"अरे, मला लागलीय रे कुणाची तरी."

तो कुत्रेवाला होता. मंडळाची कुत्री सांभाळायची, त्यांना घेऊन झाडीत शिरायचं आणि जनावर बंदुकांच्या दिशेनं हाकायचं हे त्याचं काम. गोळी मांडीतून आरपार गेली होती. बाकीचे हातपाय गळून उभे राहिले तेव्हा जावयानं कमरेचा पट्टा काढून मांडीवर आवळलासुद्धा. तो रुग्णवाहिका चालवायचा. असल्या वेळी त्याचे हात त्याच्या डोक्याच्याही आधी कामाला लागत. चौघांनी उचलून कुत्रेवाल्याला गाडीत घातलं, जावयानं गाडी अशी सोडली की वळणावळणाला कप्तानांचं डोकं टपाला आपटत होतं, पण त्यांनी कुत्रेवाल्याचा हात काही सोडला नाही.

कुत्रेवाल्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. तरी तो म्हणाला, "कप्तान, पडलं का ते?"

"पडलं! अरे, रेड्याएवढं आहे!"

"कुणाचं?"

"माझं," कप्तान म्हणाले.

"वा," कुत्रेवाला म्हणाला, आणि मग त्याची शुद्ध हरपली.

पुढं जावयानं काय वेगानं गाडी हाणली याची गोष्ट इस्पितळातले लोक अजून सांगतात. कुत्रेवाला वाचला. पाय राहिला, पण पूर्वीसारखा राहिला नाही.

आता कप्तान म्हणजे शिकारमंडळाचे कप्तान, कुठल्या फौजेतले बिजेतले नव्हते, हे सांगून टाकलेलं बरं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. भर बाजारात, दोन्ही बाजूंना उभे आरसे, काचेच्या पेट्यांमध्ये फ्रेमा, समोरच्या भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता आणि त्याच्या वर भुसा भरलेली जनावरांची मुंडकी. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीवर बसलं की आधी त्याला एक सांबर, दोन डुकरं आणि कप्तानांच्या मिशा दिसायच्या, अक्षरं मागाहून. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी चष्मा चढवला होता. स्वतःच्या नाकावर मात्र नाही. "शिकाऱ्याला चष्मा म्हणजे पैलवानाला काठी," असं ते हसत हसत म्हणायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानामागं काडी बसवून द्यायचे. जवळचं काम त्यांना झकास दिसायचं. बारीक स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवायचे. लांबचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. बंदुकीचा परवाना नव्यानं करताना डॉक्टर तक्ता वाचून घ्यायचा, आणि कप्तान शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवायचे. डॉक्टरकडचा तो तक्ता त्यांच्याच दुकानातून गेलेला होता.

डुकराचं मुंडकं भुसा भरून आलं त्याच आठवड्यात दाव्याची नोटीसही आली. कुत्रेवाल्यानं दावा लावला होता, कप्तान आणि जावई या दोघांवर. त्याला दुसरा इलाजच नव्हता. ज्या पायावर झाडी तुडवायची तोच गेला, आणि गोळी दोघांपैकी कुणाची ते त्याला काय माहीत! आरपार गेलेली गोळी चिखलात कुठं बुडाली ती सापडली नव्हती. डुकराच्या छातीतूनही गोळी पार निघून गेली होती. बंदुकाही अगदी जुळ्या होत्या, कारण जावयाची बंदूक कप्तानांनीच त्याला लग्नात दिली होती, स्वतःच्या बंदुकीची जोड म्हणून.

कप्तानांनी जो वकील केला त्याला गावात तोफ म्हणत. तोफेनं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप बशीत नाचला.

"कप्तान, तुम्ही सुटलात! तुमच्या गळ्यानं तुम्हाला वाचवलं!"

"ते कसं काय?"

"साधा हिशोब आहे. गोळ्या दोन. एक डुकराला लागली, एक माणसाला. कुठली कुणाची ते ठरलं नाही तर कायदा म्हणतो, दोघांनी झाडल्या, दोघांनी निस्तरा. पण आपण ठरवून देऊ ना! अख्ख्या मंडळानं तुमची आरोळी ऐकली. डुक्कर तुमचं. कुणी हरकत घेतली का? नाही. खुद्द जावयानं घेतली का? नाही. मग डुक्कर तुमचं ठरलं की उरलं काय?"

"उरलं काय?" कप्तान खूश होऊन म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवत घरी निघाले. रस्त्यात त्यांनी दोघांना थांबवून ही बातमी दिली. तिसरा भेटला तेव्हा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उरलं काय, ते आत्ता कुठं त्यांच्या लक्षात आलं होतं.

जावयाच्या नोकरीचा एक नियम होता. ज्याच्या बेफिकिरीनं माणूस जायबंदी झाला असं कोर्टानं ठरवलं, त्याच्या हाती रुग्णवाहिका देत नाहीत. देऊ नयेच म्हणा. आणि त्या पोराला गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं. सायरन लावला की त्याचा चेहरा असा काही उजळायचा की बायको चिडवायची, तुमचं खरं लग्न त्या गाडीशीच लागलंय.

त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. कप्तानांनी जरा घसा खाकरून विषय काढला.

"जावईबापू, तुम्ही वकील का नाही केला अजून?"

"काय सांगू त्याला, मामा? मी चाप ओढला हे खरंय. समोर डुक्कर दिसत होतं, हेही खरंय. मला वाटलं होतं की..." तो थांबला.

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. तुम्ही ओरडलात. मग माझंच चुकलं असेल."

कप्तानांनी पानात पाहिलं. सांगायची गोष्ट अशी की ज्या जागी त्यांनी नेम धरला होता, तिथून डुक्कर बरंच उजवीकडे पडलं होतं. त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती की गोळी खाऊन ते तेवढं धावलं असणार. डुकरं धावतात. मोठमोठी धावतात. ही समजूत त्यांनी इतक्यांदा घातली होती की आता डुक्कर धावताना त्यांना दिसायलाही लागलं होतं.

"कोर्ट काय ते ठरवेल," ते म्हणाले. लेकीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि भात वाढला, न मागता.

दाव्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कप्तान आरशासमोर नवा कोट घालून उद्याची तयारी करत होते. साक्षीच्या पिंजऱ्यात हात कुठं ठेवायचे, डुकराचं वर्णन करताना ते किती पसरायचे, आवाज कुठं चढवायचा. रंगात आले होते अगदी. लेक गल्ल्यामागं काचा पुसत होती. हल्ली दुकान तीच बघायची. कप्तान मुख्यतः शोभेला असायचे.

"बाबा," ती म्हणाली, "त्या तक्त्यामागचा दिवा नीट लागतोय का बघा बरं. मला खालची ओळ अंधूक वाटतेय."

"अंधूक कसली!" कप्तान खुर्चीत ऐसपैस बसले आणि हात पाठीमागं घेऊन, आरशातल्या स्वतःच्या कोटाकडे बघत, वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता म्हणून मोकळे झाले. शेवटची ओळ तर त्यांनी उलटीसुद्धा म्हटली. "बघ! या वयात! आहे कुणाची टाप?"

हातातली काच लेकीनं फडक्यावर ठेवली.

"काय गं?"

"तक्ता बदललाय, बाबा. सोमवारी नवा लावला मी. जुना पिवळा पडला होता म्हणून."

कप्तान हसले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. वरचं मोठं अक्षर होतं, ते दिसलं, आणि ते खरंच वेगळं होतं. त्याच्या खाली राखाडी मुंग्या होत्या. त्या तशाच तर असायच्या नेहमी! त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढं काढली. मुंग्या हलल्या, पण अक्षरं झाल्या नाहीत.

"मला न सांगता बदलतेस? दुकान कुणाचं आहे?"

"त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं, बाबा?"

"डुक्कर!"

"डुक्कर? तोंड, सुळे, पाय? का नुसतं काहीतरी हललं?"

"तू मला शिकवणार शिकार?" कप्तान ताडकन उठले. खुर्ची मागं जाऊन आरशावर आदळली. "तू जन्मायच्या आधीपासून मी बंदूक धरतोय! पूर्ण जनावर दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा नियम मंडळाला कुणी घालून दिला? मी!"

"मला माहितीये," ती म्हणाली. ती मागं हटली नाही. "म्हणून तर विचारतेय."

"मग उद्या कोर्टात येऊन सांग. सांग सगळ्यांना, बाप आंधळा आहे म्हणून! नवरा सुटेल तुझा!"

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. खुर्ची सरळ केली, आरसा पुसला आणि मग म्हणाली, "मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं, मला राग आलाय तुमचा. पण हे म्हणालेत, कुणी काही बोलायचं नाही. म्हणाले, मामांपाशी दुसरं काय आहे? ते डुक्कर त्यांचं त्यांना राहू दे."

कप्तानांनी कोट काढला आणि खुंटीला लावला. तो खुंटीवरून दोनदा पडला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं मंडळ आलं होतं, मंडळाच्या बायका आल्या होत्या, बाजारातले अर्धे दुकानदार पाट्या फिरवून आले होते. तोफेनं पुरावा म्हणून ते मुंडकं मागवलं होतं. दोन शिपाई ते उचलून आत येऊ लागले तेव्हा सुळे दारात अडकले. तिरकं करून, वाकडं करून, मागं घेऊन पुन्हा पुढं आणून ते एकदाचं आत आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीश बाईंनी हातोडी आपटली. "ही जत्रा नाहीये," त्या म्हणाल्या, पण मुंडक्याकडे त्याही टक लावून बघत राहिल्या.

तोफेनं दणक्यात सुरुवात केली. मंडळातला एकेक माणूस पिंजऱ्यात येत होता आणि एकच गोष्ट सांगत होता. आरोळी ऐकली? ऐकली. कुणाची? कप्तानांची. दुसऱ्या कुणाची? नाही. मंडळाचा नियम काय? पहिली आरोळी ज्याची, जनावर त्याचं. कुणी कधी खोटी आरोळी दिलीय? इथं एकजण जरा चाचरला, पण तोफेनं डोळे वटारल्यावर "नाही" म्हणाला.

मग कुत्रेवाला आला. त्याच्या कुबडीचा आवाज फरशीवर आधी आला, तो मागून. त्यानं कप्तानांच्या दिशेनं हात उंचावला असावा, कारण लोक त्यांच्याकडे बघून हसले. कप्तानांनी अंदाजानं हात केला. कुत्रेवाला म्हणाला की माझं कुणाशी वैर नाही, दोघंही माझेच. मी झाडीतून हाळी दिली होती, अंगात भगवं जाकीट होतं, ते पार कुठूनही दिसतं. ज्याला दिसायला हवं होतं त्याला का दिसलं नाही, एवढंच मला कळायला पाहिजे.

शेवटी जावयानंही एक वकील केली होती, ती त्याला प्रश्न विचारू लागली. ती हळू बोलणारी होती, त्यामुळे सगळं कोर्ट गप्प बसून ऐकत होतं.

"तुमच्या गोळीनं डुक्कर पडलं का?"

"मी डुकरावर झाडली होती."

"मी विचारलं, पडलं का?"

"मामा ओरडले. आमच्यात ज्याची आरोळी, त्याचं जनावर."

"तुम्ही का नाही ओरडलात?"

"मी नाही ओरडत," तो म्हणाला. लोक हसले. भिंतीवरच्या त्या सांबराच्या वेळी, त्या दोन डुकरांच्या वेळीही रांगेत कप्तानांच्या शेजारी तोच उभा होता, हे मंडळातल्या कुणाच्या मनात आलं असेल तर त्यानं ते मनातच ठेवलं.

मग कप्तानांचं नाव पुकारलं गेलं. ते पिंजऱ्यात चढले, तोफेनं पहिला प्रश्न टाकला आणि मुरलेल्या नटासारखं त्यांना सगळं आठवलं. हात पसरले. आवाज चढवला. झुडपं कशी हलली, कुत्री कशी उसळली, तो सुळेवाला कसा फुसफुसत बाहेर आला! मागच्या बाकावरची माणसं उभी राहिली. न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं. कप्तान स्वतःच इतके रंगले की डुक्कर त्यांना पुन्हा दिसलं, सुळ्यांवरचा फेससुद्धा दिसला.

मग ती हळू बोलणारी वकील उठली. आता ती विचारणार. तक्ता. चष्मा. समोरच्या भिंतीवर किती वाजलेत ते सांगा. ती विचारेल, आणि सगळं मंडळ बघत असेल. त्यांनी कठडा घट्ट धरला.

तिनं अंतर विचारलं. वाऱ्याची दिशा विचारली. गोळी आधी की हाळी आधी, ते विचारलं. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

"माझे प्रश्न संपले," ती म्हणाली.

तिला माहीतच नव्हतं. लेकीनं खरंच कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही जाऊ शकता," न्यायाधीश बाई म्हणाल्या. तोफ गालातल्या गालात हसत कागद गोळा करायला लागली होती. सुटले कप्तान, साफ सुटले! परवाना राहिला, कप्तानकी राहिली, डुक्कर राहिलं. त्यांनी बाकांकडे पाहिलं. लेक कुठं बसली आहे ते त्यांना ठाऊक होतं, निळे कपडे घालून आली होती, आणि तो निळा ठिपका त्यांना सापडलाही. त्याच्या शेजारी जावई असणार. त्यांना फक्त तिचा चेहरा बघायचा होता. ती रडतेय, का सुटल्यासारखी हसतेय, का तोंड फिरवून बसलीय? त्यांनी डोळे बारीक केले. निळा ठिपका तसाच राहिला. आपली पोर, आपल्याच गावातल्या आपल्याच कोर्टात, आणि तिचं तोंड दिसत नाही! त्यांना भडभडून आलं. झाडीतलं ते हलणारं काहीतरीसुद्धा इतकंच दिसलं होतं. एवढंच. तोंड नाही, सुळे नाहीत, जाकीट नाही.

"माझी!"

आरोळी अशी होती की खिडकीच्या काचा थरथरल्या. हातोडी न्यायाधीश बाईंच्या हातातून निसटली.

"काय तुमची?"

"गोळी! त्याच्या मांडीतून गेली ती. माझी!"

तोफ उडी मारून उठली. "माझे अशील दमलेत, त्यांना..."

"गप्प बस रे तू!" कप्तान गरजले. "मंडळाचा नियम आहे. पहिली आरोळी माझी. आहे कुणाची हरकत?"

मंडळाची काही हरकत नव्हती. मंडळाची तोंडं उघडी पडली होती.

"तुम्हाला कसं कळलं की ती तुमची?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. त्या आता हळू बोलत होत्या.

"बाई, तुमच्या डोक्यावर घड्याळ आहे असं लोक म्हणतात. मला दिसत नाही. मला इथून तुमचं नाकसुद्धा दिसत नाही, माफ करा. मी जे हललं त्यावर झाडली. डुक्कर पडलं ते त्याच्या शेजारी नव्हतं, बरंच उजवीकडे होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. डुक्कर जावयाचं आहे. सगळी मुंडकी जावयाची आहेत. ओरड की रे लेका आता! माझं म्हण!"

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. जावई उभा राहिला होता, कानापर्यंत लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यानं त्याला अरेतुरे केलं होतं.

"म्हण!"

"माझं," जावई म्हणाला. मागच्या बाकांपर्यंत पोचलंही नाही, पण कारकुनानं ते लिहून घेतलं.

निकाल काय लागायचा तो लागला. कुत्रेवाल्याच्या भरपाईचं जे काही होतं ते सगळं कप्तानांच्या एकट्याच्या गळ्यात आलं आणि त्यांनी ते कुरकुर न करता घेतलं. बंदूक जमा झाली. कप्तानकी गेली, पण लोक कप्तानच म्हणतात, सवय जात नाही. त्या दिवशी कोर्टातून निघताना जावई सायरन लावून त्यांना घरी सोडायला निघाला होता. नियमात बसत नाही म्हणून लेकीनं लावू दिला नाही, पण तिघंही गाडीत वेड्यासारखे हसत होते. मुंडकं मात्र लेकीनं घरात घेतलं नाही. ते अजून दुकानातच आहे, खाली जावयाच्या नावाची पट्टी लावून.

आणि दुसऱ्या सकाळी तिनं बापाला खुर्चीवर बसवलं, काचा बदलून बदलून नंबर काढला, एक काळी जाड फ्रेम निवडली आणि कानांमागं काड्या बसवल्या.

"बघा आता."

कप्तानांनी तक्ता वाचला. नवा तक्ता, खालच्या ओळीपर्यंत. मग आरशात मिशा पाहिल्या. त्या वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच पांढऱ्या होत्या. मग चढत्या उत्साहानं ते सगळंच वाचत सुटले. समोरच्या दुकानाची पाटी! तिच्याखालची बारीक पाटी! खांबावरची जाहिरात, बसचा नंबर, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे! लेक हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकून बसली.

"आणि तो बघ, कुत्रेवाला येतोय आपल्याकडे!" कप्तान म्हणाले. "रस्त्यापलीकडे आहे आणि त्याच्या शर्टाची बटणं मोजता येतायत मला!"

त्यांनी हात केला. पलीकडून कुत्रेवाल्यानं हात केला आणि तो रस्ता ओलांडायला लागला. इतके महिने तो भेटला की म्हणायचा, थोडंसं लंगडतो एवढंच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि कप्तानांनी ते खरं मानलं होतं. त्यांनी आता नीट पाहिलं. आधी कुबडी पुढं जात होती, मग चांगला पाय, मग तो कमरेतून अख्खा वळायचा आणि दुसरा पाय ओढून आणायचा. एक गाडी त्याच्यासाठी थांबली. मग दुसरी थांबली. तो अजून मध्यावरच होता.

लेकीनं विचारलं, "दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," कप्तान म्हणाले. त्यांनी चष्मा काढला नाही. ते उठले, दार उघडलं आणि त्याला हात द्यायला रस्त्यात उतरले.